पटावरची पतपेढी

बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला विचारा, अफरातफर कोण करतो? तो अनोळखी माणसाकडे बोट दाखवणार नाही. अनोळखी माणूस फार तर खोटा चेक वटवायला येतो. तिजोरीला खरा धोका असतो तो साऱ्या शाखेचा ज्याच्यावर जीव आहे त्याच्याकडून. वर्षानुवर्षे रजा न घेणारा, संध्याकाळी सर्वांच्या मागे थांबणारा, कुणाच्याही अडीनडीला धावणारा असा तो असतो. म्हणून तर स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या आणि त्या दोन वेगळ्या अधिकाऱ्यांकडे. म्हणूनच जोखमीच्या टेबलावरच्या माणसाने वर्षातून काही दिवस सलग रजेवर जायलाच हवे, हा नियम. त्याच्या खुर्चीवर दुसरा बसला की दडवलेले बाहेर येते. आपल्या भाषेने या प्रकाराला नेमके नाव दिले आहे : केसाने गळा कापणे. गळ्यापर्यंत हात पोचायला माणूस आधी जवळचा व्हावा लागतो.

हे सारे आठवले ते एका खेळामुळे. माझ्या भाच्याचा मुलगा संगणकावर तो खेळतो. त्याच्याकडून ऐकले आणि मग कादंबरीकाराच्या खोडीने मी खोलात शिरलो. खेळाचे नाव ‘ईव्ह ऑनलाइन’. आइसलंडची राजधानी रेक्याविक इथल्या ‘सीसीपी’ या कंपनीने तो मे २००३ मध्ये सुरू केला. पाच हजारांहून अधिक सूर्यमालांचे एक अवाढव्य अंतराळ, आणि त्यात देशोदेशींचे हजारो खेळाडू एकाच वेळी. कुणी खाणी खणतो, कुणी जहाजे बांधतो, कुणी व्यापार करतो, कुणी चाचेगिरी. बाजारातले भाव बहुतांशी खेळाडूंच्या देवघेवीतूनच ठरतात. हा बाजार इतका मोठा झाला की २००७ मध्ये कंपनीने त्याच्या अभ्यासासाठी चक्क एक अर्थशास्त्रज्ञ नेमला. तिथले चलन ‘इस्क’. गंमत म्हणजे आइसलंडच्या खऱ्या क्रोनाचे आंतरराष्ट्रीय लघुरूपही तेच.

मात्र या विश्वाचा एक नियम वाचून माझ्यातला बँकवाला दचकला. तिथे फसवणूक हा गुन्हा नाही. संगणकाशी लबाडी करून खेळायला बंदी आहे, इस्क बाहेर खऱ्या पैशाला विकायलाही बंदी आहे. पण गोड बोलून दुसऱ्या खेळाडूला लुबाडले, तर कंपनी मध्ये पडत नाही.

मग काय काय घडले ते पाहा. २००५ साली ‘गायडिंग हँड सोशल क्लब’ नावाच्या भाडोत्री टोळीने एका बड्या संघाच्या प्रमुखाला संपवण्याची सुपारी घेतली. टोळीची माणसे त्या संघात साधे सदस्य म्हणून शिरली. सुमारे वर्षभर राबली, विश्वास कमावला, वरच्या पदांवर पोचली. एके दिवशी इशारा झाला आणि गोदामे रिकामी झाली. प्रमुखाचे दुर्मिळ जहाज फुटले, आणि ते फोडणाऱ्यांत तिचा उजवा हात समजला जाणारा साथीदार होता. लुटीची किंमत त्या वेळी साडेसोळा हजार डॉलरच्या घरात धरली गेली.

खेळात बँकाही निघाल्या! २००६ मध्ये एका खेळाडूने अशी बँक काढली, लोकांच्या ठेवी गोळा केल्या आणि सारे घेऊन पसार झाला. ७९० अब्ज इस्क लाटल्याचा दावा त्याने स्वतःच मिरवला. तरी लोक शहाणे झाले नाहीत. ‘ईबँक’ नावाची दुसरी बँक नावारूपाला आली, तिच्याकडे हजारो खातेदार आले. २००९ मध्ये तिच्या ऑस्ट्रेलियन प्रमुखाने सुमारे २०० अब्ज इस्क काढून बाहेर खऱ्या पैशाला विकले. घराची अनामत भरायची होती आणि मुलाच्या औषधपाण्याचा खर्च होता, असे त्याने सांगितले. बातमी फुटताच ठेवी काढायला झुंबड उडाली. कंपनीने त्याला खेळातून हाकलले, पण चोरीबद्दल नव्हे, तर इस्क बाहेर विकल्याबद्दल. ठेवीदारांची लूट नियमात बसत होती!

या वर्षाच्या अलीकडची गोष्ट ध्यानात घ्या. ऑक्टोबर २००८ मध्ये, खेळ जिथे जन्मला त्या आइसलंडच्या तिन्ही मोठ्या, अगदी खऱ्या बँका एका आठवड्यात कोसळल्या होत्या. तिथे निदान सरकार होते, न्यायालये होती, जाब विचारता येत होता. खेळातल्या ठेवीदाराला दाद मागायला दारच नव्हते.

‘अहो, पण खेळच ना तो?’ असे कुणी म्हणेल. पत्त्यांत ‘चॅलेंज’ खेळताना आपण आजीलाही बेधडक थाप मारतोच की. खरे आहे. पण तिथे डाव संपतो, पत्ते पिसले जातात आणि आजी पुन्हा आजी होते. या खेळाला शेवट नाही. तुम्ही वर्षभर रोज रात्री ज्याच्याशी बोललात, ज्याला घरच्या गोष्टी सांगितल्यात, तो पहिल्या दिवसापासून गळ टाकून बसला होता हे कळते, तेव्हा गेलेले जहाज खोटे असेल. दिलेले वर्ष खरे असते. महाभारतातल्या द्यूतसभेत फासे नियमानेच पडत होते असे म्हणणारे होतेच. तरी सभेत जे घडले ते खेळ म्हणून कुणी विसरले नाही.

याच कथेची दुसरी बाजू मला अधिक मोलाची वाटते. या खेळातली सर्वांत प्रचंड जहाजे पूर्वी कुठल्याच तळावर लागत नसत. तळावर लागले तर सौदा यंत्राच्या साक्षीने होतो. उघड्या अंतराळात ती सोय नाही. विकणाऱ्याने आधी जहाजातून उतरायचे की घेणाऱ्याने आधी पैसे द्यायचे? पहिला जो हात मोकळा करील तो बुडण्याची भीती. तेव्हा ‘क्रिब्बा’ या नावाने खेळणारा एक स्वीडिश खेळाडू मध्यस्थ झाला. जहाज आणि पैसे दोन्ही त्याच्याकडे द्यायचे, तो आपले शुल्क घेऊन ज्याचे त्याला पोचते करणार. एकमेकांचे कट्टर वैरीही त्याच्याकडे डोळे मिटून मालमत्ता सोपवत. एखादा मोठा ऐवज घेऊन तो सहज नाहीसा होऊ शकला असता, आणि नियम त्याच्याच बाजूने होते! पण त्याचे नाव हेच त्याचे भांडवल होते.

आमच्या धंद्यात याला ‘पत’ म्हणतात. मराठीत कर्ज मिळण्याची लायकी आणि माणसाची अब्रू या दोन्हींना हा एकच शब्द चालतो, तो उगाच नव्हे. कायदा असतो तिथे विश्वास आपल्याला फुकट मिळतो, म्हणून त्याची किंमत कळत नाही. जिथे कायदाच नाही, तिथे पत किती महाग असते हे या खेळाने दाखवले. आणि लुबाडणूक चालू असूनही माणसे विश्वास टाकायची थांबली नाहीत. थांबली असती तर खेळच थांबला असता. एकट्याने साम्राज्य उभारता येत नाही, ना अंतराळात ना सोसायटीच्या कमिटीत.

तेव्हा घरातला मुलगा किंवा मुलगी एखाद्या संध्याकाळी पडदा बंद करून गप्प बसली, जेवायला उठेना, आणि ‘गेममध्ये फसवलं मला’ एवढेच म्हणाली, तर ‘बरं झालं, अभ्यास कर आता’ असे म्हणू नका. पैसे गेले का, हे जरूर विचारा. पण त्याआधी विचारा, ‘कोण होता तो? किती दिवसांची ओळख होती?’ कारण आयुष्यातली पहिली दगाबाजी तिने नुकतीच पाहिली असेल. यापुढे माणसांवर विश्वास टाकायचाच नाही, की टाकायचा पण दोन किल्ल्या ठेवायच्या, हे ती त्या रात्री ठरवणार असते. ते ठरवताना शेजारी घरातले कुणी बसलेले असावे.