मरुभूमीतील करीर : ओळख, उपयोग आणि विवेक

जैसलमेर परिसरात वर्षाकाठी सरासरी २०० मि.मी.च्या आसपास पाऊस पडतो. अशा भूमीत करीराचे काटेरी झुडूप फुलते व फळते. पाने अल्पकाळच टिकतात. हिरव्या फांद्याच त्यांचे कार्य करतात आणि मुळे खोल जातात. राजस्थानात यास 'केर', तर महाराष्ट्राच्या कोरड्या भागांत 'नेपती' म्हणतात. शास्त्रीय नाव कॅपॅरिस डेसिड्युआ. 'मरुभूरुह' व 'ग्रन्थिल' हे संस्कृत पर्याय त्याचे स्थान व रूप नेमके सांगतात.

भावप्रकाशात करीर कटु, तिक्त, उष्ण, भेदन व कफवातहर सांगितला असून अर्श, आम, शोथ व व्रण यांत त्याची योजना आहे. मात्र 'करीर' हा शब्द बांबूच्या कोंबासही लावला जातो. हा वंशकरीर कफकर व विदाही आहे. संदर्भ न पाहता पाठ घेतल्यास कफहर द्रव्याच्या जागी कफकर द्रव्य योजले जाईल. म्हणून औषधालयाच्या मागणीपत्रात वनस्पतीचे शास्त्रीय नाव व प्रयोज्य अंग दोन्ही लिहावे, असा आमचा आग्रह आहे.

मरुप्रदेशात दंतशूलावर कोवळे कोंब चघळतात, गळवांवर त्यांचा लेप लावतात. मूळत्वचेचे चूर्ण अर्शात देतात. कच्ची फळे मात्र मिठाच्या पाण्यात किंवा ताकात काही दिवस मुरवून, कडवटपणा गेल्यावरच लोणच्यात व केर-सांगरीच्या भाजीत घालतात. हा संस्कार द्रव्याचा रस बदलतो. त्यामुळे बाजारातील मुरवलेले, वाळवलेले केर हा आहार समजावा, औषधी कच्चा माल नव्हे. रक्तार्श, पित्तप्रधान प्रकृती व गर्भावस्था यांत उष्ण-भेदन गुणामुळे ते आम्ही वर्ज्य मानतो. प्राण्यांवरील प्रयोगांत फळचूर्णाने रक्तशर्करा घटल्याचे आढळले आहे. तेवढ्यावरून मधुमेही रुग्णाची चालू औषधे थांबवू नयेत.

फळे खुडल्याने झुडूप टिकते, मुळे खणल्याने मात्र ते मरू शकते. जे काम फळाने वा कोंबाने साधते, तेथे मूळत्वचा मागवू नये. ती अपरिहार्य असेल तेव्हा एका झुडपाच्या एकाच बाजूची मुळे घ्यावीत, अशी अट औषधालयांनी पुरवठादारास घालावी. थोड्या पाण्यावर तगणारे हे झुडूप आपल्या मागणीपुढेही तगले पाहिजे.