न जेवणारा पाहुणा

दारी आलेला पाहुणा जेवला नाही, की आमच्या आईच्या जिवाची कोण घालमेल होते! लहानपणी मला त्याचे हसू येई. पण तीन वर्षांपूर्वी तीच घालमेल माझ्या वाट्याला आली, आणि तीही जेमतेम चार बोटे लांबीच्या एका माशापायी.

मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. शास्त्राशी माझी फारकत दहावीलाच झाली. पण मरीन ड्राइव्हवरच्या, १९५१ सालच्या तारापोरवाला मत्स्यालयात वडिलांचे बोट धरून पाहिलेले रंगीत मासे काही डोळ्यांसमोरून हलेनात. चाळिशी उलटल्यावर घरात खाऱ्या पाण्याची काचपेटी आली. लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम खास मीठ घालून दिवाणखान्यात समुद्र करायचा, असा तो उद्योग. सौभाग्यवतींनी ‘अहो, ह्यापेक्षा दुसरी खोली बांधून झाली असती’ एवढेच म्हटले.

त्या समुद्रात मी आणला कॉपरबँड बटरफ्लायफिश. रुपेरी अंगावर नारिंगी पट्टे, पाठीवरच्या पराच्या मागल्या टोकाशी डोळ्यासारखा काळा ठिपका, आणि पुढे लांब, नाजूक चोच. ह्या चोचीने एकेकाळी पंडितांनाही चकवले आहे. १७६४ साली बटाव्हियाहून, म्हणजे आजच्या जकार्ताहून, तोंडातून पाणी मारून किडे पाडणाऱ्या एका माशाची हकीकत लंडनच्या रॉयल सोसायटीकडे गेली. हकीकत खरी होती, पण सोबत गेलेला मासा भलताच, आमचा हा चोचवाला! चोच पाहून त्याला तिरंदाज ठरवण्यात आले. बिचाऱ्याची चोच खडकाच्या फटीतले कृमी वेचण्यापुरती. नेमकी हीच गोष्ट मला ठाऊक नव्हती.

‘सगळं खातो, साहेब,’ असे दुकानदाराने सांगितले होते. घरी आल्यावर त्याने कशालाच तोंड लावले नाही. वरून टाकलेले दाणे त्याच्या नाकासमोरून खाली जात, आणि तो ते पाचोळा पडावा तसे पाहत राही. मी घाबरून आणखी टाकले, रात्री उठून टाकले. न खाल्लेले अन्न तळाशी कुजले, पाण्यात अमोनिया झाला आणि नवव्या दिवशी मासा गेला. उपासाने गेला असे मी घरात सांगितले, पण खरे म्हणजे माझ्या आग्रहानेच तो गेला.

मग मात्र वाचायला लागलो. फिलिपिन्स, इंडोनेशियाकडे पाण्यात सायनाइड फवारून असे मासे गुंगवून पकडण्याचा बेकायदा प्रकार बरीच वर्षे चालत आला आहे. असा मासा दिसायला धडधाकट असतो, पण आतून दुखावलेला असू शकतो. म्हणून घेण्याआधी ‘माझ्या डोळ्यांदेखत ह्याला खाऊ घाला’ म्हणावे. दुकानदाराने तोंड वाकडे केले तर चपला घालाव्यात.

वर्षभराने दुसरा आणला. दुकानात त्याने दोनचार घास घेतले होते. त्याला निराळ्या पेटीत एकट्याला ठेवले, कारण दांडगट सोबती असले की हा कोपरा सोडत नाही. पाणी २६ अंशांवर, लपायला नळीचे तुकडे, पहिला दिवस दिवा बंद. आर्टेमिया नावाच्या बारीक जिवाची अंडी मिळतात. ती खाऱ्या पाण्याच्या बाटलीत हवा सोडून ठेवली की सुमारे दिवसाभरात नारिंगी धुळीसारखी पिल्ले वळवळू लागतात. हलते अन्न पाहून लाजाळू मासाही मोहात पडतो म्हणतात. आमचा पडला नाही. चार दिवस गेले. त्याचे पोट आत गेले, डोक्यामागची बाजू खपाटीला लागली. पहिल्याच्या वेळीही असेच झाले होते. कॉलेजात तास घेताना माझे लक्ष लागेना.

पाचव्या दिवशी आई माझ्यामागे येऊन उभी राहिली. ‘अरे, तू असा डोळे वटारून पुढ्यात बसलास तर तो काय जेवणार? आणि ती चोच बघ. ती काय वरचं झेलायला दिली आहे? टोचून खाणारा जीव आहे तो. त्याला तिसऱ्या दे.’

आई मालवणकडची. तिसऱ्यांची एकशिपी करण्यात तिचा हात धरणारा कोणी नाही. तिने घट्ट मिटलेली एक ताजी तिसरी निवडली, विळीवर उघडली आणि मांस एका शिंपेत तसेच ठेवून माझ्या हातात दिली. मसाला तेवढा घातला नाही! ती शिंप दगडांमध्ये अलगद टेकवली, काचेवर जुने वर्तमानपत्र लावले आणि त्याला पाडलेल्या भोकातून मी पाहू लागलो. दहा मिनिटे काहीच नाही. मग तो तिरका तिरका आला, एका डोळ्याने शिंपेकडे पाहिले, मागे सरला, पुन्हा आला, आणि टोच! मांसाचा धागा ताणला, सुटला. पुन्हा टोच! मागे आई दबक्या आवाजात विचारत होती, ‘घेतला का रे घास?’

उरलेले दोन तासांत काढून टाकायचे, हा धडा मी आधी महागात शिकलो होतो. पुढे रिकाम्या शिंपेत गोठवलेले मायसिस, म्हणजे कोळंबीसारखे बारीक जीव, थोडे तिसरीच्या मांसात मिसळून भरू लागलो. रोज मांस थोडे कमी, मायसिस थोडे जास्त. तीन आठवड्यांनी तो नुसते मायसिस पाण्यातून टिपू लागला. आता दिवसातून तीनदा थोडे थोडे खातो. आईने त्याचे नाव ‘चोचल्या’ ठेवले आहे. तिसरा मासा मात्र मी आणणार नाही. एवढा लांबून आणलेला जीव दोनदा पणाला लावला, तेवढे पुरे.

आठवड्यातून एकदा चोचल्याला अजून तिसरी लागते. आमच्या घरी श्रावणात मासळीचे नाव नसते. गेल्या श्रावणात मी पिशवी पाठीमागे लपवून चोरासारखा आत शिरलो, तर आईने ती हातातून काढूनच घेतली आणि विळी मागितली.

‘श्रावण आपल्याला,’ ती म्हणाली. ‘त्याचे उपास मागेच करून झालेत.’