पावणेदोन भागिले अर्धा : भावी गणित शिक्षकांचा आत्मविश्वास

शिक्षकाचे कार्य हे एक सुंदर पाचारण असून त्यासाठी अत्यंत काळजीपूर्वक तयारी आवश्यक आहे, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजीच्या ख्रिस्ती शिक्षणविषयक जाहीरनाम्यात म्हटले आहे. गणित शिकवू इच्छिणाऱ्या प्रशिक्षणार्थींची ही तयारी नेमकी कशी असावी, याचा आज आपण विचार करू या.

पावणेदोन भागिले अर्धा किती? भाजक उलटा करून गुणावे, हा नियम प्रशिक्षणार्थींना पाठ असतो. उत्तर साडेतीन येते. परंतु ‘भागल्यावर संख्या वाढली कशी?’ असे एखाद्या मुलाने विचारले तर? संशोधिका लिपिंग मा यांच्या १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हेच उदाहरण आहे. या भागाकाराला साजेसा व्यवहारातील प्रसंग सांगण्यास २३ अमेरिकन शिक्षकांना सुचविले असता, केवळ एकालाच अर्थाच्या दृष्टीने योग्य प्रसंग सांगता आला. अर्ध्याने भागणे आणि दोनाने भागणे यांत अनेकांची गल्लत झाली. चीनमधील बहुसंख्य शिक्षकांना मात्र ते जमले.

पावणेदोन लिटर दूध अर्ध्या लिटरच्या मापाने मोजून पाहू. एका लिटरमध्ये अशी दोन मापे बसतात, म्हणून दोनाने गुणावयाचे. तीन मापे भरून पाव लिटर उरते. मग उत्तर सव्वातीन का नाही? कारण उरलेले पाव लिटर म्हणजे त्या मापाचा अर्धा भाग होय.

ज्याला हे कारण उमगले, त्याला प्रश्नाचे भय उरत नाही. ज्याचा आत्मविश्वास केवळ पाठांतरावर उभा असतो, तो ‘नियमच तसा आहे’ असे म्हणून मुलाला गप्प बसवतो. आपल्याला गणित जमत नाही, अशी त्या मुलाची समजूत होते. पुढे तेच मूल शिक्षक झाले, तर ते भय आणखी एका पिढीकडे जाते.

श्रद्धेच्या परंपरेलाही प्रश्नांचे वावडे नाही. संत थॉमस अक्वायनस आपल्या ‘सुमा थिओलॉजिका’ या ग्रंथात प्रत्येक मुद्द्याच्या आरंभी विरोधी आक्षेप मांडतात, नंतर आपले उत्तर देतात आणि शेवटी त्या आक्षेपांचे निरसन करतात.

आपल्या धर्मग्रामांतील जे तरुण-तरुणी अध्यापनाचे प्रशिक्षण घेत आहेत, त्यांना आम्ही इतकेच सुचवू इच्छितो : सराव पाठाचे टाचण लिहिताना मुले कोणता ‘का’ विचारतील, हेही लिहून ठेवा. उत्तर ठाऊक नसेल, तर ‘आपण मिळून शोधू या’ असे वर्गात मोकळेपणाने म्हणा. त्याने शिक्षकाला कमीपणा येत नाही. खरा आत्मविश्वास तेथूनच वाढू लागतो.