शुभवर्तमान समजून घेताना (लेखांक ६) : आधी बातमी, मग वागणूक

गेल्या आठवड्याचा लेख वाचून तारिहाळच्या एका वाचकानं प्रश्न पाठवला आहे. गृहस्थ तिथल्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहेत. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. ते विचारतात, ‘खरं बोला, गरिबाला मदत करा, कष्टाचं खा, हे आम्हाला बसवण्णांनी सांगितलं, तुकोबांनी सांगितलं, हुबळीच्या सिद्धारूढ मठात आजही सांगतात. मग तुमच्या शुभवर्तमानात वेगळं ते काय?’

प्रश्न रोखठोक आहे, उत्तरही तसंच देतो. चांगलं वागण्याचा उपदेश म्हणजे शुभवर्तमान असेल, तर त्यात वेगळं काही नाही आणि त्यासाठी कुणी बाप्तिस्मा घ्यायचीही गरज नाही. पण शुभवर्तमान ही घडून गेलेल्या गोष्टीची बातमी आहे. वागणुकीचा विषय येतो, तो त्या बातमीच्या मागून.

बातमी काय आहे, ते पौलानं करिंथच्या मंडळीला इ.स. ५५च्या सुमारास लिहिलेल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात थोडक्यात मांडलं आहे. ख्रिस्त आपल्या पापांसाठी मरण पावला, त्याला पुरलं, तिसऱ्या दिवशी तो उठवला गेला. पुढे साक्षीदारांची यादीच येते : पेत्र, मग बारा शिष्य, मग एकाच वेळी पाचशेहून अधिक जण, आणि त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत अशी पुस्तीही. जाऊन विचारा, असंच जणू पौलाला म्हणायचं आहे. या ओळींत तुम्ही अमुक करा, तमुक टाळा असं एकही वाक्य नाही. बातमीतली सगळी क्रियापदं भूतकाळी. आज्ञा त्याच्या पत्रांत भरपूर आहेत, पण त्या बहुधा उत्तरार्धात येतात.

‘आपल्या पापांसाठी’ याचा अर्थ समजायला लूकच्या पंधराव्या अध्यायाइतकी सोपी वाट नाही. येशूनं सांगितलेल्या त्या गोष्टीत धाकटा मुलगा वाटणी घेऊन निघून जातो, पैसा उडवतो, डुकरं राखायची पाळी येते तेव्हा घरची आठवण काढतो. वाटेत काय बोलायचं ते त्यानं पाठ करून ठेवलेलं असतं. मुलगा म्हणवून घ्यायची माझी लायकी नाही, मला मजुरांत ठेवून घ्या. बाप त्याला ते वाक्य पुरं करू देत नाही. मजुरीची मागणी तोंडातून निघायच्या आतच अंगरखा, अंगठी, पायताण आणायची हाक जाते. मुलगा सुधारला म्हणून घरात आला असं नाही, घरात घेतला गेला आणि सुधारायचं ते मग. ख्रिस्ती लोक ‘कृपा’ म्हणतात ती हीच.

आमच्या पाळकांचे उपदेश इथंच थांबतात. गोष्ट मात्र पुढे आहे, आणि खरी अडचण त्या पुढच्या भागात आहे. थोरला मुलगा शेतातून येतो, वाजंत्री ऐकतो आणि अंगणातच अडून बसतो. त्याची तक्रार काय? इतकी वर्षं राबलो, एक हुकूम मोडला नाही, मला एक करडूही मिळालं नाही. राहिला घरातच, पण हजेरीपटावरच्या माणसासारखा. दर रविवारी पहिल्या बाकावर बसणाऱ्या आम्हा मंडळींचं चित्र धाकट्यापेक्षा थोरल्यात जास्त सापडतं.

आधी बातमी, मग वागणूक हा क्रम उलटा झाला की काय होतं, याचा दाखला तारिहाळपासून फार लांब नाही. बासेल मिशन या जर्मन-स्विस ख्रिस्ती संस्थेचे लोक १८३७ साली धारवाडला आले, १८३९ला हुबळीत. लवकरच हुबळीत त्यांच्याकडे कालज्ञानी पंथाची माणसं येऊ लागली. परदेशातून गुरू येणार, असं भाकीत आपल्या पोथ्यांत आहे, असं ही माणसं सांगत. मिशनऱ्यांना वाटलं, आता हजारोंनी लोक येणार. गदगजवळ मल्लसमुद्र इथं त्यांच्यासाठी शेतीची वसाहत उभी केली. ज्यांच्यासाठी केली ते लोक आलेच नाहीत आणि बेत फसला. माझं मत विचाराल तर दोघंही आपापल्या अपेक्षेशीच बोलत होते. एकाला दैन्यातून सोडवणारा गुरू हवा होता, दुसऱ्याला पीक हवं होतं. बातमी ऐकायला कुणाला सवड नव्हती.

याच मिशननं मंगळूरला माग घातले, १८६५ साली कौलांचा कारखाना काढला. मंगळुरी कौलं धारवाड-बेळगावच्या जुन्या घरांवर अजून दिसतात. कारखान्यांमागचं कारण साधं होतं. बाप्तिस्मा घेतलेल्याला जात टाकायची आणि जातीबरोबर धंदाही जायचा, त्याच्या पोटाची सोय कुणीतरी बघायला हवी होती. सोय गरजेची होती, पण धोक्याचीही. पगार देणारा आणि प्रभुभोजन देणारा एकच झाला, की विश्वास कुठला आणि नोकरी कुठली, हे त्या माणसालाही सांगता येत नाही. पहिल्या महायुद्धात जर्मन मिशनऱ्यांना इंग्रजांनी स्थानबद्ध केलं आणि कारखाने मिशनच्या हातून गेले. मंडळ्या मात्र टिकल्या. चर्च ऑफ साउथ इंडियाच्या उत्तर कर्नाटक धर्मप्रांताचं ठाणं आज धारवाडलाच आहे. माझ्या लेखी मिशनच्या कामाची खरी परीक्षा कारखाने गेले तेव्हा झाली.

क्रम सरळ राहिला की काय होतं, याचा मराठीतला दाखला बेळगावचा आहे. बाबा पदमनजी तिथंच १८३१ साली जन्मले आणि १८५४ साली तिथंच त्यांचा बाप्तिस्मा झाला. तीन वर्षांनी, १८५७ साली, त्यांची ‘यमुनापर्यटन’ आली, विधवांच्या हालांवरची. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचं नाव घेतात. विधवेवर पुस्तक लिहा, तर तारण मिळेल, असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. स्वतःचं ओझं उतरलेल्या माणसाला दुसऱ्याचं ओझं दिसू लागतं. रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९००चा. मधली पाच वर्षं त्या बाईनं नवऱ्याच्या मागे फरफटत न जाता स्वतःच्या डोक्यानं विचार केला. टिळकांनी १९१७ साली ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा काढला, त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या दोघांनाही जागा ठेवली. बातमी खरी मानली की कुंपणाची भीती कमी होते, ती अशी.

सगळीकडे असं झालं नाही, हेही कबूल करायला हवं. एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेणारी घरं सोयरीक जमवताना दोन पिढ्यांपूर्वी मागे टाकलेली जात हळूच विचारतात. अशा घरांत बातमी पोहोचली आहे ती चर्चच्या पायरीपर्यंत.

तारिहाळच्या वाचकाला एवढंच सांगतो. पाळीवर जाताना प्रार्थना करणारा ख्रिस्ती कामगार अपघात टळावा म्हणून नवस बोलत असेल, तर त्याच्या आणि तुमच्या प्रार्थनेत फरक नाही. पण आपल्याला आधीच घरात घेतलं आहे हे मानून तो कामावर गेला, तर चूक लपवायचं त्याला कारण उरत नाही, भांडलेल्या सोबत्याशी आधी बोलायला लाज वाटत नाही आणि घरात कुणी गेलं तर स्मशानातही तो ‘पुन्हा भेटू’ असं म्हणू शकतो. आमच्यातले सगळे असं जगतात का? नाही. पण शुभवर्तमानाचं आयुष्यातलं काम विचारलंत, तर ते हे आहे.

पुढच्या आठवड्यात प्रभुभोजनाकडे वळू. तोवर लूकचा पंधरावा अध्याय स्वतः वाचा. थोरला मुलगा शेवटी घरात गेला की नाही, ते लूकनं लिहिलेलं नाही. तुम्हाला काय वाटतं, ते जरूर कळवा.