कापायचे की सांभाळायचे?

‘डायव्हर्टिक्युलायटिस’ हा शब्द उच्चारतानाच जीभ अडखळते. वय वाढते तसे मोठ्या आतड्याच्या भिंतीत, जिथे रक्तवाहिन्या आत शिरतात त्या कमकुवत जागी, आतले अस्तर बाहेर फुगून चिमुकल्या पिशव्या तयार होतात. बहुतेकांना त्यांचा पत्ताही लागत नाही. पण एखादीला सूज आली की ताप येतो आणि पोटाच्या डाव्या बाजूला, खालच्या अंगाला सतत दुखत राहते. (पूर्व आशियातील लोकांत हे दुखणे उजवीकडे अधिक, त्यामुळे अपेंडिक्सशी गल्लत होते.)

शस्त्रक्रिया करावी की औषधपाण्यावर निभवावे, हा वाद गेल्या वर्षी आमच्याच घरी झडला. मामांना दुसरा झटका येऊन गेला होता. डॉक्टर कन्नडमधून ‘चीला’ म्हणत, मी मामींना ‘पिशवी’ सांगे. येणारेजाणारे एकच सांगत, ‘दोन झाले, आता कापूनच टाका!’ मी पडलो कॉमर्सचा. पण जमाखर्च मांडायला हरकत काय?

हा ‘दोन झटक्यां’चा नियम काही गप्पांतून आलेला नाही. अमेरिकेतील शल्यविशारदांच्या संघटनेने २००० साली तसाच सल्ला दिला होता. २००६ मध्ये तो बदलून प्रत्येक रोग्याचा स्वतंत्र विचार करावा असे ठरले. कारण आतडे फुटण्याचा धोका पहिल्याच झटक्यात सर्वांत अधिक असतो. मग पुढे फुटेल या भीतीने आधीच कापण्यात फारसे हशील नाही.

जिथे आतडे फुटून पू किंवा मळ पोटात पसरतो, तिथे वादच नाही. शस्त्रक्रिया तातडीने हवी, आणि पुष्कळदा काही महिने पोटावर पिशवी लावून मळ बाहेर काढावा लागतो. गळू झाले असेल तर लहानाला प्रतिजैविके पुरतात, मोठ्यातला पू स्कॅनवर पाहून सुईने काढतात. सौम्य झटक्यात तर प्रतिजैविकेही नेहमीच लागत नाहीत. स्वीडन व आइसलंडमधील ६२३ रोग्यांवरील प्रयोगात (२०१२) ती दिलेले व न दिलेले, दोघेही सारखेच बरे झाले.

खरा प्रश्न उरतो तो पुन्हा पुन्हा दुखणाऱ्यांचा. हॉलंडमध्ये अशा १०९ रोग्यांचे दोन गट केले. सहा महिन्यांनी शस्त्रक्रिया झालेल्यांचे जगणे अधिक सुखाचे होते, आणि पाच वर्षांत औषधांवरच्या गटातील जवळजवळ निम्मे अखेर टेबलावर गेलेच. पण खर्चाची बाजू पाहा : जोडलेले आतडे काहींच्या बाबतीत गळते, मग पुन्हा शस्त्रक्रिया आणि तीच पोटावरची पिशवी. शिवाय उरलेल्या आतड्यात झटका येणारच नाही अशी हमी कुणी देत नाही. आमच्या भाषेत, शस्त्रक्रिया हा जोखमीचा भांडवली खर्च, तर औषधपाणी हा दरसालचा चालू खर्च. वर्षातून एकदा दुखणाऱ्याला दुसरा परवडतो; ज्याची नोकरी आणि झोप दोन्ही गेली, त्याला पहिला.

शेंगदाण्यांची बंदी मात्र मला पटली नाही. सत्तेचाळीस हजारांवर अमेरिकन पुरुषांच्या २००८ मधील अभ्यासात दाणे किंवा लाह्या खाल्ल्याने झटके वाढलेले दिसले नाहीत. मामींनी चटणीचा डबा पुन्हा खाली काढला. मामांनी तूर्त औषधपाणी निवडले आहे. सूज उतरल्यावर सहा आठवड्यांनी त्यांचे आतडे दुर्बिणीने तपासले, कारण स्कॅनवर कर्करोगही कधीकधी असाच दिसतो. तो निघाला नाही.