परत न आलेली विमानं आणि बंद झालेली शटर्स



गेल्या महिन्यात माझ्या बॅचमधली एक मुलगी दुकानात आली. हातात लिव्ह अँड लायसन्सचा ड्राफ्ट. पार्ले ईस्टला, स्टेशनपासून चालत पाच-सात मिनिटांवरचा गाळा. तिला तिथे घरगुती खाऊचं दुकान टाकायचं होतं. टोकन देऊन झालं होतं, आणि डिपॉझिटसाठी आईची एफडी मोडायची होती.

मी विचारलं, "हाच गाळा का?"

ती म्हणाली, "ताई, त्या रस्त्यावर खाऊची चार दुकानं आहेत. चारही जोरात चालतात. मी चौघांचं सगळं बघून आलेय, पॅकिंगपासून रेटपर्यंत."

मी म्हटलं, "सही दोन आठवडे थांबव." आणि मग तिला जी गोष्ट सांगितली, तीच आज तुम्हाला सांगते. गोष्ट विमानांची आहे. आपल्या पार्ल्यात दर थोड्या वेळाने डोक्यावरून विमान जातं, त्यामुळे आपण मान वर करून बघतही नाही. पण ही विमानं वेगळी होती.

एक विमान आणि एक सुखटणकर

लंडनच्या हेंडन भागात रॉयल एअर फोर्सचं म्युझियम आहे. तिथे दुसऱ्या महायुद्धातलं एक भलंमोठं लँकॅस्टर बॉम्बर ठेवलंय. नंबर आर ५८६८. या विमानाने १३७ मोहिमा केल्या आणि ते शाबूत राहिलं.

या विमानाशी आपलं एक नाव जोडलेलं आहे. शैलेंद्र एकनाथ सुखटणकर. आडनाव ऐकूनच कळतं, आपल्या कोकण-गोव्याकडचं. हे भारतीय हवाई दलाचे अधिकारी, ब्रिटिश बॉम्बर कमांडमध्ये नॅव्हिगेटर होते. नॅव्हिगेटर म्हणजे रात्रीच्या अंधारात, नकाशा आणि हिशोबाच्या जोरावर विमानाला जर्मनीपर्यंत नेणारा आणि परत आणणारा माणूस. सुखटणकरांनी ४५ मोहिमा केल्या, त्यातल्या १४ याच विमानातून. त्यांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हे शौर्यपदक मिळालं.

म्युझियममध्ये ते विमान बघणाऱ्याला काय वाटेल? "काय दणकट विमान! १३७ वेळा गेलं आणि आलं!"

आता बाकीचा हिशोब बघा. लँकॅस्टर बांधली गेली ७,३७७. त्यातली ३,२४९ लढाईत गेली. १०० च्या वर मोहिमा करणारी फक्त ३५. म्युझियममध्ये जे उभं आहे ते उदाहरण नाही, अपवाद आहे. आपण मात्र अपवादाकडे बघून नियम ठरवतो.

आकडे छोटे दिसतात, तिथेच फसतो

संपूर्ण युद्धात बॉम्बर कमांडने सुमारे ३,६४,००० उड्डाणं केली आणि ८,३२५ विमानं गमावली. भागाकार करा. दर शंभर उड्डाणांमागे सव्वादोन विमानं. ऐकायला काहीच नाही, हो ना? "९८ टक्के परत येतात, चला!"

पण एका माणसाला एकदाच जायचं नसायचं. पहिली टूर ३० मोहिमांची. दर वेळी सव्वादोन टक्के धोका घेऊन ३० वेळा गेलात, तर शंभरातले साधारण ५० च शेवटपर्यंत पोचतात. १९४३-४४ च्या हिवाळ्यात बर्लिनवरच्या मोहिमांमध्ये हा धोका पाच टक्क्यांच्या आसपास गेला होता. त्या दराने ३० फेऱ्या केल्या तर शंभरातले २१ उरतात. ३० मार्च १९४४ च्या रात्री न्युरेंबर्गवर ७९५ विमानं निघाली, त्यातली ९५ परत आली नाहीत. एका रात्रीत जवळपास १२ टक्के.

एका लँकॅस्टरमध्ये सात माणसं. बॉम्बर कमांडमध्ये एकूण सुमारे १,२५,००० जणांनी उड्डाण केलं, त्यातले ५५,५७३ मेले. बहुतेक विशीतली पोरं. आणि ज्या शहरांवर ही विमानं जात होती, तिथे खाली साधी माणसं, बायका-मुलं हजारोंनी मेली, हेही विसरायचं नाही. मी इथे युद्धाचं कौतुक करत नाहीये. या हिशोबातून आपण काय शिकायचं, एवढंच बघतेय.

शिकायचं हे, की छोटा धोका पुन्हा पुन्हा घेतला की तो छोटा राहत नाही. "या महिन्यात उधारी थोडी वाढली, चालतंय." "या महिन्याचं भाडं क्रेडिट कार्डवरून दिलं, एकदाच." एका महिन्यात याने दुकान बंद पडायची शक्यता कमीच असते. पण दुकान एक महिना चालवायचं नसतं. तुमचीही ३० मोहिमांची टूर असते.

जे परत आले, त्यांनाच विचारलं तर?

आता मुद्द्याची गोष्ट. रात्री विमान परत आलं की क्रूला बसवून विचारायचे, काय दिसलं, हल्ला कुठून झाला. त्यावरून पुढची तयारी करायची. पद्धत चांगलीच आहे. पण यात एक भोक होतं.

१९४३ च्या उत्तरार्धात जर्मन लढाऊ विमानांनी नवी युक्ती काढली. बॉम्बरच्या मागून न येता त्याच्या पोटाखाली यायचं, आणि वरच्या दिशेने रोखून बसवलेल्या तोफांनी थेट पंखातल्या पेट्रोलच्या टाकीवर मारायचं. लँकॅस्टरचे तोफची शेपटीत आणि पाठीवर बसायचे. खाली बघणारं बहुतेक विमानांत कोणीच नव्हतं. गोळ्यांची उजेडाची रेघही दिसू नये, अशी त्यांची व्यवस्था होती.

ज्यांच्यावर असा हल्ला झाला, त्यातले बहुतेक सांगायला परत आलेच नाहीत. जे परत आले त्यांच्यावर तसा हल्ला झालेला नव्हता. म्हणजे सगळ्यात महत्त्वाची माहिती ज्यांच्याकडे होती, ते त्या खोलीत बसलेलेच नव्हते. हा प्रकार नीट लक्षात यायला बराच काळ गेला.

फ्रीमन डायसन हे पुढे मोठे शास्त्रज्ञ झाले. ते १९ व्या वर्षी बॉम्बर कमांडच्या आकडेवारी विभागात कामाला लागले. तिथे समज असा होता की अनुभवी क्रू जास्त वाचतात. डायसननी आकडे तपासले, तर १९४४ च्या सुमाराला अनुभवाचा फरकच दिसेना. पहिल्या मोहिमेवरचा आणि पंचविसाव्या मोहिमेवरचा, दोघांना धोका जवळपास सारखा. न दिसणाऱ्या हल्ल्यापुढे अनुभव काय करणार?

बाहेर पडायचं दार

डायसन यांच्या विभागाने आणखी एक गोष्ट बघितली. विमान पडलं तर आतले किती जण पॅराशूटने वाचतात? अमेरिकन बॉम्बर्समध्ये जवळपास निम्मे. जुन्या ब्रिटिश हॅलिफॅक्समध्ये चौथा हिस्सा. आणि सगळ्यात नावाजलेल्या लँकॅस्टरमध्ये? शंभरातले १५. लँकॅस्टरचं बाहेर पडायचं दार २२ इंच रुंद होतं, हॅलिफॅक्सचं २४. जाड कपडे आणि पॅराशूट अंगावर घेऊन अंधारात त्या २२ इंचांतून निघायचं. विमान निवडताना ते बॉम्ब किती नेतं हे सगळ्यांनी बघितलं. दार किती रुंद आहे, ते कोण बघतो?

वाल्ड काय म्हणाले

अमेरिकेत अब्राहम वाल्ड नावाचे संख्याशास्त्रज्ञ होते. त्यांनी १९४३ मध्ये याच प्रश्नावर काम केलं. परत आलेल्या विमानांवर जिथे गोळ्यांची भोकं जास्त, तिथे जाड पत्रा लावावा असं कोणालाही वाटेल. वाल्ड यांचा विचार उलटा होता. गोळ्या तर विमानावर सगळीकडे लागत असणार. मग परत आलेल्यांच्या इंजिनावर भोकं कमी का? कारण इंजिनावर लागलेली विमानं परत आलीच नाहीत. जिथे भोकं दिसत नाहीत, तोच भाग नाजूक. (तुम्ही मोबाईलवर लाल ठिपक्यांचं विमानाचं चित्र बघितलं असेल. ते नंतर कोणीतरी समजवण्यासाठी काढलंय, वाल्ड यांचं नाही.)

हे वाल्ड १९५० मध्ये व्याख्यानांसाठी भारतात आले होते. १३ डिसेंबरला निलगिरीच्या डोंगरात त्यांचं विमान कोसळलं. ते आणि त्यांची पत्नी, दोघंही गेले.

मग आपण काय करायचं?

मी स्वतः हे पैसे देऊन शिकलेय. माझ्या स्टेशनरी-गिफ्टच्या दुकानाचं दुसरं काउंटर मी तीन चालणारी दुकानं बघून टाकलं होतं. अकरा महिन्यांत शटर खाली. नंतर शेजारच्या टेलरने सांगितलं, "ताई, तुमच्या आधी तिथे दोघं येऊन गेले." मी विचारलंच नव्हतं. म्हणून आता कोणालाही गाळा घ्यायच्या आधी हे करायला लावते:

१. गाळ्याचा इतिहास काढा. ब्रोकर सांगणार नाही. समोरचा चहावाला, बिल्डिंगचा वॉचमन, कुरिअरवाला, इस्त्रीवाला यांना विचारा. गेल्या पाच वर्षांत इथे कोण कोण होतं?

२. बंद पडलेल्यांशी बोला. गूगल मॅप्सवर "कायमचे बंद" असं लिहिलेली दुकानं दिसतात. जुनं फर्निचर आणि फ्रीज विकत घेणाऱ्यांना तर कोण का उठलं, हे पाठ असतं. पाच चालणाऱ्यांना भेटलात, तर निदान दोन बंद झालेल्यांना भेटा.

३. बंद होण्याचं कारण वेगळं करा. पार्ल्यात रिडेव्हलपमेंटमुळेही कितीतरी दुकानं हलतात. ते अपयश नाही. धंदा चालत नव्हता म्हणून गेला, की बिल्डिंग पाडली म्हणून गेला, हे विचारलंच पाहिजे.

४. दाराची रुंदी मोजा. समजा भाडं ६०,००० रुपये आणि लॉक-इन १२ महिन्यांचं. पाचव्या महिन्यानंतर बंद करावं लागलं, तर उरलेल्या सात महिन्यांचे ४,२०,००० रुपये अंगावर येऊ शकतात. लॉक-इन किती, नोटीस किती, डिपॉझिट कधी परत, हे सहीच्या आधी वाचा आणि कमी करून मागा.

५. किती मोहिमा झेपतील ते लिहा. विक्री शून्य धरून किती महिने भाडं, पगार आणि लाइट बिल भरता येईल? तो आकडा सहाच्या खाली असेल तर थांबा.

यशस्वी लोकांकडून शिकू नका, असं मी म्हणत नाहीये. वाल्ड यांनीसुद्धा परत आलेल्या विमानांवरूनच हिशोब मांडला. पण न आलेली विमानं त्यांनी मोजणीत धरली, एवढाच फरक.

त्या मुलीचं काय झालं? तिने चौकशी केली. त्याच गाळ्यात चार वर्षांत खाण्याची तीन दुकानं येऊन गेली होती. कारण अगदी साधं. संध्याकाळी स्टेशनवरून घरी जाणारी गर्दी समोरच्या फुटपाथने जाते, आणि चालणारी चारही दुकानं त्याच बाजूला आहेत. मध्ये ट्रॅफिक, रस्ता कोण ओलांडणार? टोकनचे १५,००० रुपये बुडाले, ती दोन दिवस रडली. पण आईची एफडी शाबूत आहे. सध्या ती समोरच्याच बाजूच्या एका डेअरीत एक रॅक भाड्याने घेऊन माल ठेवतेय आणि रोजची विक्री वहीत लिहितेय.

तुमच्या डोळ्यासमोर आत्ता जो गाळा असेल, तिथे आज संध्याकाळी जा. आत बघू नका. समोरच्या टपरीवर एक कटिंग घ्या आणि विचारा, "काका, इथे आधी कोण होतं?"

भेटू पुढच्या व्हिडिओत!