कॅटमध्ये ९४ पर्सेंटाईल, तरी आयआयएमच्या मुलाखतीचं बोलावणं का आलं नाही?

पुतण्याला कॅट परीक्षेत ९४ पर्सेंटाईल मिळाले तेव्हा घरात पेढे वाटले. पण मोठ्या आयआयएमपैकी एकीचंही बोलावणं आलं नाही. भावजय म्हणाली, "वशिला लागत असंल." वशिला नाही, हिशोब असतो. तो आधी समजला असता तर बरं झालं असतं, म्हणून लिहितोय.

९४ पर्सेंटाईल म्हणजे ९४ टक्के गुण नव्हेत. परीक्षा दिलेल्या शंभरातले साधारण ९४ जण तुमच्या मागे, एवढाच त्याचा अर्थ.

पहिली चाळणी पेपरची. इंग्रजी, तर्क-माहिती विश्लेषण आणि गणित असे तीन भाग असतात. एकूण पर्सेंटाईलला किमान अट असतेच, शिवाय प्रत्येक भागालाही असते. एका भागात मागे पडला की बाकी कितीही चांगलं असो, नाव गळतं.

दुसरी चाळणी जुन्या गुणपत्रिकांची. अट पार केली म्हणजे बोलावणं आलंच असं नाही. उदाहरणार्थ अहमदाबादची आयआयएम दहावी, बारावी, पदवी आणि नोकरीचा अनुभव यांना गुण देते, ते कॅटच्या गुणात मिळवते आणि मग यादी लावते. काही संस्था मुलींना, तर काही इंजिनिअरिंग सोडून इतर शाखांच्या मुलांना जादा गुण देतात. आमच्या पोराला दहावीला ६१ टक्के होते. ते आता बदलता येत नाहीत.

तिसरी गोष्ट दाखल्यांची. आयआयएम केंद्राच्या संस्था आहेत. ओबीसींना २७ टक्के जागा आहेत, पण नॉन-क्रिमीलेअर दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो. राज्याचा एसईबीसी दाखला तिथं चालत नाही. ईडब्ल्यूएससाठी कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं आणि शेती पाच एकरांपेक्षा कमी. सातबारा आधी बघा. फॉर्म साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात भरतात, त्यामुळं दाखल्यासाठी उन्हाळ्यातच तहसीलला अर्ज टाकलेला बरा.

प्रत्येक आयआयएम आपले निकष वेबसाईटवर टाकते. फॉर्ममध्ये संस्था निवडण्याआधी ते वाचा आणि आपले गुण जिथं बसतात तिथं अर्ज करा. राज्याच्या एमबीए सीईटीचा मार्गही आहे. तिथं कॅप फेरीत सीईटीच्या गुणांवर जागा मिळते, मुलाखत नसते.

आणि घरात दहावीचं पोरगं असेल तर त्याला आजच सांगा. हे गुण पुढं सात-आठ वर्षांनीही मोजले जातात.